बिनअंड्याचे ऑम्लेट आणि लवळ्याच्या मावशी



गेल्या महिन्यात लवळ्याहून आमच्या नावे एक पत्र आले. वहीच्या फाडलेल्या पानावर, शाळकरी नातीच्या अक्षरात. पण बोल आजीचे. मजकूर थोडाच होता. "आमच्या धाकट्या नातवाला सहावं वरीस लागलंय. त्याला अंडं आन् दूध दोन्ही बाधतं. अंगावर गांधी उठत्यात, ओठ सुजतो. डॉक्टरांनी दोन्ही बंद केलंय. पण पोराचा जीव ऑम्लेट-पावात. बापाच्या ताटलीकडं बघून रोज सकाळी रडतो. अंड्याबिगर, दुधाबिगर ऑम्लेट होतं का, ते तुमच्या पानात सांगा."

उत्तर चार ओळींत देता आले असते. पण सहा वर्षांचे पोर रोज सकाळी रडते हे वाचून आम्हाला स्वस्थ बसवेना. शिवाय स्वयंपाक हा विषय कागदावर कमी आणि चुलीपुढे जास्त कळतो. म्हणून एका रविवारी आम्ही सरळ लवळे गाठले.

पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यात लवळे. एका अंगाला पिरंगुट आणि तिथले कारखाने, दुसऱ्या अंगाला नांदे आणि सूस. लवळ्याच्या डोंगरावर आता सिम्बायोसिसच्या मोठमोठ्या इमारती आहेत, फ्लेम विद्यापीठही याच गावच्या हद्दीत आहे. देशभरातली आणि परदेशातली मुले तिथे शिकायला येतात. खाली मात्र मुळशीचा जुनाच संसार दिसतो. भाताची खाचरे, त्यात इंद्रायणी नाहीतर आंबेमोहर, आणि सकाळच्या पाळीला निघालेली, डबा हातात धरलेली माणसे.

मावशींच्या घरी आम्ही पोहोचलो तेव्हा चहा आधीच उकळत होता. बिनदुधाचा. "पोरगं घरात हाय तवर आमीबी कोराच पितो," मावशी म्हणाल्या. घरातले एक माणूस जे खाऊ शकत नाही, ते बाकीच्यांनी त्याच्यासमोर मिटक्या मारत खाऊ नये, हा साधा न्याय मावशींना कुणी शिकवावा लागला नव्हता.

मावशी विद्यार्थ्यांच्या एका घरगुती मेसमध्ये पोळ्या लाटायला जातात. तिथलीच एक गोष्ट त्यांनी सांगितली. "ताई, त्या पोरींत एक हाय, ती सोताला वीगन म्हनती. अंडं न्हाई, दूध न्हाई, तूप न्हाई, मधबी न्हाई. तिनं मला इचारलं, मावशी, बिनअंड्याचं ऑम्लेट येतं का? मी म्हनलं, बाई, माझी आजी तेच करायची. फकस्त आमी त्याला ऑम्लेट म्हनत न्हवतो. धिरडं म्हनायचो. दुसऱ्या दिशी करून घातलं. दोन खाल्ली तिनं, आन् फोटूबी काढला."

आम्ही हसलो आणि विचारले, "अहो मावशी, मग उत्तर तर तुमच्याच हातात आहे! पत्र कशाला लिहिलंत?"

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नातू खाईना. म्हनतो, हे गरिबाचं हाय. आन् शेजारची बाई हसून म्हनली, का वं, अंडं सोडलं? आता तुमीबी शुद्ध झाला का काय? ताई, करायला येतं मला. पन ह्या दोन बोलांना काय उत्तर द्यायचं, ते येत न्हाई."

वाचक भगिनी-बंधूंनो, मावशींना धिरड्याची कृती नको होती, या दोन बोलांना उत्तर हवे होते. तरी आज आम्ही कृतीही देणार आहोत, कारण चांगले झालेले धिरडे हे अर्धे उत्तर असते. उरलेले अर्धे नंतर पाहू.

आधी कृती. आम्ही मावशींच्या चुलीपाशी बसून, वाटीने मोजून लिहून घेतली आहे. चार माणसांना आठ धिरडी होतात.

साहित्य : शंभर ग्रॅम पीठ मावेल अशा वाटीने २ वाट्या बेसन, अर्धी वाटी तांदळाची पिठी, २ लालबुंद पिकलेले टोमॅटो, १ मोठा कांदा, ३ हिरव्या मिरच्या, ५-६ लसूण पाकळ्या, आल्याचा लहान तुकडा, मूठभर कोथिंबीर, अर्धा चमचा ओवा, अर्धा चमचा हळद, चवीपुरते मीठ, चिमूटभर पादेलोण, सुमारे अडीच वाट्या पाणी आणि तव्यासाठी शेंगदाण्याचे तेल. लहान मुलासाठी मिरची कमी करावी.

कृती : बेसन आणि पिठी एकत्र चाळून घ्यावी. सगळे पाणी एकदम ओतू नये. आधी वाटीभर पाणी घालून दाटसर कालवावे, गुठळ्या मोडाव्यात, मग उरलेले पाणी हळूहळू घालावे. पीठ सरसरीत हवे, म्हणजे इडलीच्या पिठाहून सैल आणि ताकाहून दाट. आले-लसूण-मिरची ठेचून घालावी. ओवा तळहातावर चोळून टाकावा, हळद आणि मीठ घालावे. आता पातेले झाकून वीस मिनिटे बाजूला ठेवावे. ही वीस मिनिटे चुकवू नयेत. तेवढ्या वेळात पीठ पाणी पिते, आणि धिरडे कच्चट न लागता एकजीव होते.

कांदा आणि टोमॅटो अगदी बारीक चिरावा. जाड फोड राहिली की उलटताना तिथेच धिरडे फाटते. टोमॅटो शेवटी, तवा तापल्यावरच पिठात घालावा; आधी घातला तर मिठाने पाणी सुटते आणि पीठ पातळ होते. पादेलोणही याच वेळी घालावे.

बिडाचा तवा असेल तर उत्तम. तो चांगला तापू द्यावा. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून तव्यावर फिरवावा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र झाले की पीठ घालावे, आणि लगेच आच मंद करावी. पीठ पळीने मधून कडेकडे पसरावे. कडेने चमचाभर तेल सोडून झाकण ठेवावे. दोन-तीन मिनिटांत वर जाळी पडते, ओलसर चमक जाते, कडा तव्यापासून सुटू लागतात. तेव्हाच उलथणे घालावे. घाई केली की धिरड्याचे तुकडे होतात. दुसरी बाजू मिनिटभर भाजली की पुरे.

भगिनींनी आम्हाला नेहमी विचारले आहे की दही घातले नाही तर चालेल का, सोडा घालावा का. दही मुळीच लागत नाही. दह्याने जो आंबटपणा येतो तो टोमॅटो देतोच. टोमॅटो महाग झाला तर अर्धे लिंबू पिळावे किंवा चिंचेचा चमचाभर कोळ घालावा. सोडाही नको. सोड्याने धिरडे फुगते खरे, पण त्याने ब गटातली काही जीवनसत्त्वे कमी होतात, आणि जास्त झाला तर साबणासारखी चव येते. पीठ पळीने दोन मिनिटे चांगले फेटले की पुरेसे हलके होते.

आता अंड्याचे काम बेसन कसे करते, तेही समजून घेऊ. कारण कारण कळले की कृती पाठ करावी लागत नाही. अंडे फेटून तव्यावर टाकले की घट्ट होते, कारण त्यातली प्रथिने उष्णतेने एकमेकांना धरून बसतात. पांढरा भाग साधारण साठ अंशांपासून घट्ट होऊ लागतो, पिवळा बलक त्याहून थोड्या जास्त उष्णतेला. बेसनातही प्रथिने भरपूर असतात, आणि शिवाय पिष्ट असते. पाण्यात भिजलेले पिष्ट तापले की फुगते, चिकट होते आणि सगळे सांधून धरते. म्हणून अंड्याशिवायही धिरडे अखंड उलटते. फरक एवढाच की अंडे क्षणात होते, बेसनाला मंद आच आणि थोडा धीर लागतो. आणि अंड्याचा तो खास वास? तो गंधकाचा असतो. पादेलोणातही गंधक असते. म्हणून चिमूटभर पादेलोण घातले की नाक फसते. मावशींच्या नातवाने त्या सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन दोनदा वास घेतला, तो त्याचाच.

पुण्या-मुंबईच्या शाकाहारी उपाहारगृहांत टोमॅटो ऑम्लेट या नावाने ताटलीत येते, ते दुसरे-तिसरे काही नसून हेच. त्यात अंडे नसते. नाव तेवढे साहेबाचे, जीव हरभऱ्याच्या डाळीचा. तेव्हा मावशींच्या नातवाला तुम्ही खुशाल सांगा की हे टोमॅटो ऑम्लेट आहे. ते खोटे होणार नाही.

पण आम्हाला तेवढ्यावर थांबायचे नाही. "हे गरिबाचं हाय" हा पहिला बोल. त्याला नाव बदलून उत्तर देणे म्हणजे पळवाट झाली.

धिरडे गरिबाचे होते, हे खरेच आहे. ते का होते, हे मात्र मुलांना सांगितले पाहिजे. आमच्या आज्यांच्या चुलीवर दूध-तूप नव्हते, ते त्यांना आवडत नव्हते म्हणून नव्हे. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५ सालचे पुस्तक मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्यावर आहे. ते ज्यांनी वाचले असेल त्यांना ठाऊक आहे की कोणाच्या ताटात काय पडायचे हे जात ठरवत होती. आणि परवडले तरी खायची मुभा होती का? बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' या आपल्या न झालेल्या भाषणात जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकिगत दिली आहे. यात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्या जातभाईंना जेवण दिले आणि पानात तूप वाढले. लोक जेवत असताना शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन चालून आले. अन्नाची नासाडी केली, जेवणाऱ्यांना झोडपले, लोक जीव घेऊन पळाले. गुन्हा काय, तर अस्पृश्याने तूप वाढले आणि अस्पृश्यांनी ते खाल्ले.

ही हकिगत लक्षात ठेवली म्हणजे एक गोष्ट उमजते. ताटात दूध-तूप नसणे यात लाज नाही. लाज वाटायला हवी ती ते हिसकावून घेणाऱ्यांना. आमच्या आजीने जे हाती होते त्यातून, मूठभर डाळीच्या पिठातून, पाच पोरांची न्याहारी उभी केली. ही तिची हुशारी होती. आज घरात अंडी आहेत, दूध आहे, आणि नातवाच्या तब्येतीसाठी आपण ती बाजूला ठेवतो. पदार्थ तोच आहे, पण तेव्हा ती सक्ती होती, आज आपली निवड आहे. या दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते अंतर फुकट मिळालेले नाही.

आणि डाळीच्या पिठाचे धिरडे एकट्या गरिबाचे तरी कुठे आहे? गुजरातेत त्याला पुडला म्हणतात, उत्तरेत चिल्ला. आंध्रात अख्ख्या हिरव्या मुगाचा पेसरट्टू करतात. फ्रान्समध्ये नीस नावाचे समुद्रकाठचे शहर आहे, तिथे हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि तेल एवढ्यावर सोका नावाचे धिरडे मोठ्या परातीत भट्टीत भाजतात आणि लोक ते रस्त्यावर उभे राहून खातात. इटलीत त्याचीच बहीण फारिनाता. म्यानमारमधले शान लोक हरभऱ्याचे पीठ शिजवून, थापून त्याच्या वड्या पाडतात; त्यातही ना अंडे, ना दूध. तेव्हा नातवाला सांगावे, बाळा, तुझ्या पणजीचे धिरडे अर्धे जग खाते.

आता दुसरा बोल. "तुमीबी शुद्ध झाला का?"

या प्रश्नावर आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे. अंडे न खाणारा शुद्ध आणि खाणारा अशुद्ध, हे माप आमचे नाही. याच मापाने आमच्या पूर्वजांना वेशीबाहेर ठेवले. मावशींच्या घरात अंडे बंद झाले ते पोराच्या ओठाला सूज येते म्हणून. त्यात पावित्र्याचा संबंध येतोच कुठे? बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अहिंसेचा विचार मांडला आहे, तो जरूर पाहावा. हिंसा करण्याची हौस आणि हिंसा करण्याची गरज यांत तथागतांनी फरक केला, आणि अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितले, ताठर नियम म्हणून नव्हे, असे त्यात आहे. विनयपिटकातली देवदत्ताची गोष्टही अनेकांना ठाऊक असेल. भिक्खूंना मासे-मांस कायमचे बंद करा, ही त्याच्या पाच मागण्यांपैकी एक होती. भगवंतांनी ती सक्ती मान्य केली नाही. ज्याने त्याने आपल्या विवेकाने ठरवावे, हा मार्ग. मग डोंगरावरची एखादी मुलगी प्राण्यांच्या कणवेने दूध-अंडे सोडते, तिचाही मान ठेवावा. आणि शेजारचे पोर उकडलेले अंडे खाते, त्याचाही.

हा नुसता शब्दांचा वाद नाही, म्हणून एवढे लिहिले. आपल्या राज्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय झाला. न खाणाऱ्यांना केळे किंवा दुसरे फळ. त्याला पावित्र्याच्या नावाने विरोध झाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठी वेगळा पैसा देणे थांबवले, आणि द्यायचे तर शाळांनी लोकसहभागातून द्यावे असे ठरवले. ज्या वस्तीत आईबापांची रोजची हातातोंडाची गाठ पडत नाही, तिथे लोकसहभाग कुठून आणायचा? ज्या पोराला अंडे चालते आणि हवे आहे, त्याला ते मिळालेच पाहिजे. बिनअंड्याच्या न्याहारीचे गुण आम्ही गातो, ते दुसऱ्याच्या पोराच्या ताटातले अंडे काढून घ्यायला कुणी वापरू नयेत, एवढी आमची विनंती आहे.

आता पोषणाचा हिशेब मांडू. लाज आणि पावित्र्य बाजूला ठेवले की उरतो तो प्रश्न एकच : पोराच्या अंगी काय लागले?

एका मध्यम अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. १०० ग्रॅम बेसनात सुमारे २० ते २२ ग्रॅम. आमच्या कृतीत २०० ग्रॅम बेसन आहे आणि धिरडी आठ. म्हणजे एका धिरड्यात ५ ते ६ ग्रॅम प्रथिने पडली, जवळपास एका अंड्याइतकी. अर्थात अंड्यातली प्रथिने शरीराला अधिक सहज लागतात. डाळीत एका घटकाची कमतरता असते, ती तांदूळ, ज्वारी, बाजरी ही धान्ये भरून काढतात. आणि धान्यात जे कमी असते ते डाळ भरून काढते. म्हणूनच मावशी बेसनात तांदळाची पिठी घालतात. आजीने हे पुस्तकात वाचले नव्हते, तिला वाटायचे पिठीने धिरडे कुरकुरीत होते. दोन्ही खरे आहे.

लोहाचे म्हणाल तर बेसनात ते आहे, पण वनस्पतीतले लोह अंगी लागायला 'क' जीवनसत्त्वाची सोबत लागते. ती लिंबू आणि टोमॅटो देतात. म्हणून ताटलीत लिंबाची फोड असावी. आणि धिरड्याबरोबर लगेच चहा घेऊ नये. चहा, मग तो कोरा का असेना, लोह शोषू देत नाही; तासभर थांबावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या दर १०० स्त्रियांपैकी सुमारे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. त्यांत आपल्या किती भगिनी असतील, ते आपण सांगायला नको. चहा-खारी खाऊन कामावर पळणाऱ्या बाईने दोन धिरडी खाऊन निघावे.

दूध बंद झाले की कॅल्शियमची काळजी घ्यावी लागते. १०० मिलिलिटर गाईच्या दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५०. तेव्हा आठवड्यातून दोन दिवस तांदळाच्या पिठीऐवजी नाचणीचे पीठ घालावे. धिरडे काळपट दिसेल, चव छान लागेल. सोबत तिळाची चटणी असावी. मूग चार तास भिजवून, वाटून, त्याचीही धिरडी करावीत. मुलांना रोज एकच चव नको असते.

एका गोष्टीत मात्र धिरडे अंड्याची जागा घेऊ शकत नाही, आणि ते लपवणे बरे नव्हे. बी-१२ नावाचे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळते. डाळीत, भाजीत ते नसते. ज्या घरात मासे-मटण होते तिथे मुलाला त्यातून ते मिळते. जो हे सगळेच सोडतो, त्याने डॉक्टरांना विचारून बी-१२ ची गोळी घ्यावी. नाहीतर हळूहळू रक्त कमी होते आणि हातापायांना मुंग्या येऊ लागतात.

ज्यांच्या मुलांना अंडे-दूध बाधते त्यांच्यासाठी चार शब्द. "थोडं देऊन बघू, सवय होईल" असा प्रयोग घरी कधीही करू नये. ओठ-जीभ सुजली, दम लागला, पोर निपचित झाले तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा. अशी बरीच मुले मोठी होताना सुधारतात. पण पुन्हा कधी सुरू करायचे ते डॉक्टरच ठरवतील. गाईचे दूध बाधत असेल तर शेळीचे चालेल असे समजू नये, तेही बहुधा बाधते. बेकरीचा पाव आणताना विचारून घ्यावे; काही ठिकाणी वरून दूध, लोणी किंवा अंडे लावतात. ज्या तव्यावर अंडे भाजले तो घासल्याशिवाय या मुलाचे धिरडे टाकू नये. तवा आणि उलथणे वेगळेच ठेवले तर सर्वांत बरे. आणि क्वचित एखाद्याला हरभऱ्याची डाळही बाधते, म्हणून पहिल्यांदा देताना लहान तुकडा देऊन लक्ष ठेवावे.

बेसन शक्यतो डाळ आणून गिरणीतून दळून घ्यावे. सुट्या बेसनात वाटाण्याचे पीठ मिसळतात, ते एक वेळ पोटात खपून जाईल. पण लाखेच्या डाळीची भेसळ वाईट. ती महिनोन्महिने पोटात गेली तर पायांतले बळ जाते. डाळ डोळ्यांना दिसते, पीठ दिसत नाही.

आता त्या रविवारी लवळ्यात काय झाले ते सांगून पुरे करतो.

मावशींनी तवा ठेवला तेव्हा त्यांचा मुलगा दाराशी बसून मोबाईल पाहत होता. आम्ही म्हटले, "दादा, जरा इकडे या. पोरगं तुमच्या ताटलीकडं बघतं, आईच्या न्हवं. तेव्हा हे धिरडं तुम्हीच घाला." तो संकोचला, हसला, पण उठला. पहिले धिरडे त्याने घाईने उलटले, त्याचे तीन तुकडे झाले. दुसरे जमले. तिसऱ्याला जाळी पडली तेव्हा नातू हळूच येऊन बापाच्या मांडीला टेकला. बापाने त्या दिवशी स्वतःसाठी अंडे फोडले नाही. दोघांनी एकाच ताटलीत, पावाबरोबर, शेंगदाण्याची चटणी लावून खाल्ले. पाव मावशींनी बेकरीत विचारूनच आणला होता.

"कसं हाय रं?" मावशींनी विचारले.

"पप्पाचं चांगलंय," पोरगे म्हणाले. "आजीचं उद्या खाईन."

मावशी हसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. आम्हाला तेवढ्यात आमच्या सगळ्या लिहिण्याचे सार मिळाले. मुलाला पदार्थाचे नाव नको होते. बापाच्या ताटलीत जे आहे तेच आपल्याही ताटलीत आहे, एवढेच त्याला हवे होते. एका पंगतीत वेगळे पान मांडले की माणसाच्या जिवाला काय होते, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला हवे का? घरातल्या पंगतीत तरी ते होऊ देऊ नये.

निघताना मावशींनी आम्हाला मूठभर घरची तांदळाची पिठी बांधून दिली. शेजारची बाई कुंपणापाशी उभी होती. मावशींनी तिला हाक मारून एक धिरडे दिले आणि म्हणाल्या, "घे, खाऊन बघ. शुद्ध न्हाई, पन गरम हाय."

वाचक भगिनींनो, आणि बंधूंनोही, येत्या रविवारी घरातल्या पुरुषांनी तवा हाती घ्यावा. तवा काही बाईच्या नावाने सातबाऱ्यावर चढलेला नाही. तुमच्या आजीचे धिरडे कशाचे असायचे, ज्वारीचे, कुळथाचे की हुलग्या-मटकीचे, ते आम्हाला वहीच्या पानावर लिहून कळवा. निवडक पत्रांचा या सदरात जरूर समावेश करू.

जयभीम!